ब्लोअरवरचं तोरण

नितीनने टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून पेन वर ठेवलं. "काका, फक्त सही. बर्नर ओके आहे, एवढंच लिहिलंय."

एवढंच लिहिलेलं नव्हतं. बर्नर व्यवस्थित आहे, त्याचं सेटिंग बदललेलं नाही, सबब जादा खर्च झालेल्या तेलाशी बर्नरचा संबंध नाही, असं लिहिलं होतं. शेवटच्या वाक्याचा अर्थ सरळ होता. तेल जळलं नसेल तर ते कोणीतरी बाहेर नेलं. आणि टाकीची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असायची. बॉयलर अटेंडंट काशिनाथ भोईर.

जागा डोंबिवली एमआयडीसीतली. टॉवेल रंगवणारा छोटा कारखाना. मालकीण राणे वहिनी, नितीन त्यांचा भाचा. वहिनींचे यजमान गेल्यापासून ऑफिसचं तो बघायचा. वहिनी टेबलाच्या पलीकडे बसल्या होत्या आणि माझ्याकडे न बघता चष्मा पुसत होत्या. भोईर बाहेर व्हरांड्यात बाकावर. आत काय चाललंय हे त्यांना माहीत होतं. बॉयलर चालवायला सरकारी सर्टिफिकेट लागतं आणि त्यांच्याकडे ते होतं. पण तेल विकल्याचा ठपका घेऊन बाहेर पडलेल्या अटेंडंटला त्या पट्ट्यात कोणी दारात उभं केलं नसतं, सर्टिफिकेट असो वा नसो.

मी पेन उचललं नाही. मागचं थोडं सांगतो, म्हणजे का ते कळेल.

मी तेव्हा एका छोट्या फर्ममध्ये होतो. ऑफिस ठाण्यात नौपाड्यात, एका डेंटिस्टच्या वर. साहेब म्हणजे सामंत. आमचं काम एनर्जी ऑडिट. कारखान्यात जायचं, तेल आणि वीज कुठे वाया जाते ते मोजायचं आणि कमी करून द्यायचं. नव्वदच्या दशकाचा मध्य. तेव्हा कार्बन म्हटलं की माणसं टायपिस्टकडचा कार्बन पेपर काढून द्यायची. राणे वहिनींना मात्र त्या शब्दाशी गाठ पडली होती. त्यांचे टॉवेल परदेशात जायचे. तिकडच्या खरेदीदाराने विचारलं होतं, एक किलो टॉवेलमागे तुम्ही किती तेल जाळता आणि किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडता? दर महिन्याला कळवा, आणि कमी होतोय असं दिसू द्या.

वहिनींनी मला पहिल्या भेटीत विचारलं, "हे मोजायचं कसं? चिमणीला पिशवी बांधून?"

मी म्हटलं, तेल मोजलं की कार्बन मोजला. एक किलो फर्नेस ऑइल जाळलं की तीन किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड होतो.

"किलोचे तीन किलो? आमच्या टॉवेलचं असं होत नाही कधी."

"वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं, वहिनी."

"म्हणजे हवेनेच वाढवायचं आणि हवेतच सोडायचं. आणि हिशेब आम्ही द्यायचा."

बाई हुशार होत्या. हवेचीच गोष्ट आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बोलून दाखवलं होतं.

तेल जळायला हवा लागते. ती ब्लोअर नावाचा मोठा पंखा आत ढकलतो. हवा कमी पडली तर काळा धूर. जास्त झाली तर धूर दिसत नाही, पण ती फुकटची हवा तापून चिमणीतून निघून जाते आणि आपली उष्णता बरोबर घेऊन जाते. खिडक्या सताड उघड्या ठेवून खोली गरम करायला बसण्यासारखं. हवा बेताची आहे की नाही हे कळायला आमच्याकडे एक उपकरण होतं. हातात मावेल अशी काचेची नळी, आत लाल द्रव. रबरी फुग्याने चिमणीतला वायू त्यात भरायचा, हलवायचं, आणि द्रव किती वर चढला ते वाचायचं. तो आकडा म्हणजे चिमणीतल्या वायूत कार्बन डायऑक्साइड किती टक्के.

इथे सगळे गोंधळतात. हा टक्का जास्त असेल तर चांगलं. चिमणीतला वायू म्हणजे दूध समजा आणि जादा हवा म्हणजे त्यात घातलेलं पाणी. टक्का जास्त म्हणजे दूध घट्ट, पाणी कमी, म्हणजे तेवढ्याच वाफेला तेल कमी. तेल कमी म्हणजे एकूण कार्बन कमी.

गणेशोत्सव उरकल्यावर मी वहिनींच्या बॉयलरवर पहिल्यांदा नळी लावली. सात टक्के. पातळ दूध. मी हवेची झडप, आम्ही तिला डॅम्पर म्हणतो, थोडी थोडी बंद करत आणली आणि नऊवर थांबलो. मार्कर पेनाने खूण केली आणि भोईरांना सांगितलं, ही खूण हलवायची नाही. नऊला का थांबलो? बर्नर कंपनीच्या पुस्तकात त्या मॉडेलसाठी तो आकडा सुरक्षित म्हणून छापला होता. त्यापुढे धुराची भीती. मी पुस्तकाप्रमाणे वागलो आणि मला त्यात अभिमान होता. दर महिन्याचं तेल आणि टॉवेलचं वजन मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घालायचो, आणि त्यातून किलोमागे कार्बनचा आलेख निघायचा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर तो कर्कश आवाज करत बाहेर आला की सामंत साहेब हातातला चहा ठेवून उठायचे.

दसऱ्यानंतर मी नेहमीप्रमाणे गेलो. नळी लावली. बारा टक्के.

मी तीनदा लावली. बारा. चिमणीवर धुराचा ठिपका नाही. महिनाअखेर आलेखाची रेघ अशी खाली आली की साहेबांनी ती ट्रान्स्परन्सीवर काढून घेतली, म्हणजे प्रोजेक्टरवर पडद्यावर दाखवता येईल. महिन्याची तीन-चार पिंपं तेल वाचत होतं. कारण काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ट्यूनिंग सेट झालं. बर्नरला बसायला वेळ लागतो.

असं काही नसतं. बर्नर म्हणजे नवी चप्पल नव्हे. पण मी म्हटलं आणि माझा त्यावर विश्वास बसला. खरेदीदाराचा माणूसही खूश झाला आणि आम्ही स्वतः येऊन बघतो म्हणाला. डिसेंबरच्या सुरुवातीला तो येऊन गेला. आणि त्याच महिन्यात तेल पुन्हा वाढलं. रेघ जिथून खाली आली होती तिथेच परत गेली.

नितीनने सरळ हिशेब मांडला. काकांचं ट्यूनिंग पक्कं आहे, आलेखच सांगतोय. टॉवेल तेवढेच. मग तीन-चार पिंपं गेली कुठे? म्हणून तो कागद.

"सही आधी मोजल्यावर," मी म्हटलं.

"काका, सेटिंगची खूण जागेवर आहे. मी चेक केलंय. अजून काय मोजायचंय?"

वहिनी म्हणाल्या, "मोजू दे त्यांना. त्याचेच पैसे देतो आपण."

व्हरांड्यातून जाताना भोईर उठून उभे राहिले. डोंबिवलीजवळच्याच एका गावचे, आगरी, पन्नाशीचे. कपाळाला गंध, खिशात हात पुसायचा कापसाचा बोळा. माझ्या मागून बॉयलर हाउसमध्ये आले आणि चिमणीवरचं सँपलचं बूच त्यांनीच काढून दिलं.

नऊ टक्के.

मी नितीनला बोलावून नळी दाखवली. "हे बघ. तेल कोणी चोरलं असतं तर हा आकडा बाराच राहिला असता. टाकीतलं तेल बाहेर नेल्याने चिमणीतला वायू पातळ होत नाही. इथे हवा वाढलीय. तेल जळलंय, फुकट जळलंय, पण जळलंय इथेच."

नितीन हुशार मुलगा होता. "मग हवा यानेच वाढवली असणार. आपल्याला कळू नये म्हणून खूण परत जागेवर."

"कशासाठी? हवा वाढवून त्याला काय मिळणार?"

"ते तुम्ही सांगा. तुम्ही एक्स्पर्ट."

हे मला लागलं, कारण सांगता येत नव्हतं. डॅम्पर माझ्या खुणेवर होता. ब्लोअरचा पट्टा तोच, मोटर तीच. झडप तेवढीच उघडी असताना हवा जास्त कशी येईल? मी भोईरांना म्हटलं, गेल्या महिना-दीड महिन्यात इथे काय काय बदललं ते आठवून सांगा. क्षुल्लक वाटलं तरी सांगा.

त्यांनी बोटं मोजली. नॉझल साफ केलं. तेलाचा फिल्टर धुतला. पाण्याच्या पंपाची गळती काढली. मग थांबले आणि नितीनकडे बघून माझ्याकडे वळले.

"आन् तोरण काढला. फॉरेनचा मानूस येनार म्हनून यांनी काढायला लावला. मी तवाच बोललो, आपसूक पडंल तवा पडंल, देवाचा हाताने काढू नये. तवापासून बॉयलर रुसलाय."

नितीन हसला. मीही हसलो असेन. "कुठलं तोरण?"

"दसऱ्याचा. एक बॉयलरच्या दाराला होता आन् एक मागं ब्लोअरला. बॉयलर श्वास तिथनं घेतो ना."

ब्लोअरचं तोंड मागच्या भिंतीकडे होतं. पंख्यात काही जाऊ नये म्हणून त्यावर जाळी. मी बॉयलरला वळसा घालून मागे गेलो. जाळीला सुतळीची गाठ अजून होती, आणि एका कोपऱ्यात आंब्याचं वाळकं पान पंख्याच्या ओढीने चिकटून बसलं होतं. पान काढायला जोर लावावा लागला.

ते तोरण मी पाहिलं होतं. दसऱ्यानंतरच्या भेटीत मागे गेलो तेव्हा समोर होतं. भोईरांच्या घरचं, चांगलं हातभर रुंद. झेंडू, कुरडूची फुलं, भाताच्या लोंब्या आणि दाट ओवलेली आंब्याची पानं. मी वाकून नमस्कारही केला होता. फुलं जाळीवरून लोंबत होती आणि पानं जाळीला घट्ट चिकटून बसली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मोजायला पुढे गेलो.

"पुठ्ठा द्या कुठलातरी," मी म्हटलं. भोईरांनी टॉवेलचा खोका फाडून दिला. वहिनींनाही बोलावून घेतलं. नळी वहिनींच्या हातात दिली आणि कसं वाचायचं ते दाखवलं. नितीनला बाहेर चिमणीकडे बघत उभं केलं. मी पुठ्ठा जाळीवर बोटबोट सरकवत गेलो. पंख्याने तो खसकन ओढून धरला. भोईर भट्टीच्या काचेतून ज्योत बघत होते. वहिनी दर वेळी द्रव हलवायच्या आणि आकडा मोठ्याने सांगायच्या, हौजीचे नंबर पुकारावेत तशा. नऊ. दहा. साडेदहा. अकरा. बारा.

"धूर?" मी ओरडलो.

"नाही," नितीनचा आवाज आला. मग जरा वेळाने, "नाही अजून."

आणखी थोडं सरकवलं तेव्हा तो म्हणाला, आता करडं दिसतंय. मी पुठ्ठा बोटभर मागे घेतला. जाळी साधारण निम्मी झाकली गेली होती. भोईरांच्या तोरणाएवढीच.

वहिनींनी नळी खाली ठेवली. "म्हणजे दोन महिने तेल वाचवलं ते तोरणाने."

"होय."

"आणि ते काढायला कोणी लावलं?"

नितीन आत आला होता. खिशातून तो टाइप केलेला कागद काढला, घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि भट्टीच्या पुढच्या लोखंडी डब्यात, जिथे तेलाची चिंधी टाकतात, तिथे टाकला. मग भोईरांना म्हणाला, "काका, चहा सांगू का?"

भोईर म्हणाले, "सांगा. साखर घाला मात्र. तुमच्या ऑफिसचा चहा मना बेचव लागतो."

बॉयलर रुसला म्हणून हे झालं असंच त्यांचं शेवटपर्यंत मत होतं. मी समजावलं नाही. त्या दिवशी त्यांची किल्ली त्यांच्या कमरेला राहिली, तेवढं पुरे होतं. पुढच्या आठवड्यात जाळीवर सरकता पत्रा बसवला, खाचांचा, कुठल्याही खाचेत अडकवता येईल असा. रेघ पुन्हा खाली आली आणि कारखाना चालू होता तोवर खालीच राहिली.

धंद्याच्या बाजूने या प्रसंगाने माझं भलं केलं. पुस्तकातल्या आकड्यावर थांबायचं नाही, जाळीवर पुठ्ठा सरकवत जायचं आणि धूर सुरू होण्याच्या किंचित आधी थांबायचं, ही माझी पद्धत झाली. डोंबिवलीत, विठ्ठलवाडीच्या मागच्या जीन्स धुणाऱ्या शेडमध्ये, ठाण्यातल्या वर्कशॉपमध्ये, जिथे जिथे छोटा बॉयलर होता तिथे मी आधी ब्लोअरच्या मागे जायचो. बहुतेक ठिकाणी तेल वाचलं. लोक त्याला पाटणकर टेस्ट म्हणू लागले. पाटणकर मी.

आता चुकीची गेलेली नोंद.

रिपोर्टात तोरणाचं काय लिहायचं, असं मी सामंत साहेबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पाटणकर, क्लायंटला तोरण विकता येत नाही." रिपोर्टात तोरण आलं नाही. व्याख्यानात मात्र आलं, कारण कारखानदारांच्या सभेत दुपारच्या जेवणानंतर माणसांना जागं ठेवावं लागतं. मी ते उलटं सांगायचो. आमचं सगळं ट्यूनिंग बरोबर होतं, भोईर नावाच्या अटेंडंटने दसऱ्याला ब्लोअरवर भलंथोरलं तोरण बांधून बॉयलरचा श्वास कोंडला, सगळे आकडे बिघडले आणि शेवटी आम्ही ते शोधून काढलं. हॉल हसायचा. खरं सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं की माझ्या ट्यूनिंगने तीन-चार पिंपं चिमणीत सोडली होती आणि ती आंब्याच्या पानांनी वाचवली. आणि गोष्टीला नाव लागतं म्हणून मी त्यांचं खरं नाव वापरायचो.

काही वर्षांनी वहिनींनी वयामुळे कारखाना बंद केला. भोईरांनी एका केमिकल कंपनीत अर्ज केला आणि माझं नाव दिलं. तिथल्या मॅनेजरचा मला फोन आला.

"तोरणवाला भोईर तोच ना हो?"

मी हसलो. सवयीने. मग म्हटलं, "माणूस कामाला चांगला आहे."

"चांगला असेल. पण आमच्याकडे सॉल्व्हंट आहेत. ब्लोअरवर फुलंबिलं नकोत."

तेव्हाही वेळ होती. उलटं आहे, असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे.

भोईर नंतर नौपाड्याच्या ऑफिसात आले. बसा म्हटलं तरी उभेच राहिले. "साहेब, तुमी त्यांना काय सांगितला?"

"चांगलंच सांगितलं."

"मंग मना बघून ते हसले कशाला?"

मी चहा मागवला. त्यांनी तो प्यायला आणि गेले. पुढे ते कल्याणच्या एका हॉस्पिटलात लाँड्रीच्या बॉयलरवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. तो बॉयलर मी पाहिला आहे. ब्लोअरच्या जाळीवर तसाच खाचांचा पत्रा होता, हवा बेताची ठेवणाऱ्या खाचेवर, आणि पत्र्याच्या वर, जाळीपासून हातभर लांब, खिळ्याला तोरण होतं. मी नळी लावली नाही. चिमणी स्वच्छ होती.

तेव्हा नोंद अशी दुरुस्त करावी. डॅम्परवरची खूण माझी, ती कमी पडली. पुठ्ठा राणे वहिनींच्या कारखान्याचा. तोरण काशिनाथ भोईर यांचं, त्याने आकडे बिघडले नाहीत, सुधारले. टेस्टला माझं नाव आहे ते काढलं तरी माझी हरकत नाही.

आणि या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी एवढंच. आकडा बिघडला की सगळे कारण शोधायला धावतात, आणि जवळचा माणूस सापडतो. आकडा सुधारला की कोणी धावत नाही. त्या दिवशी ब्लोअरच्या मागे जाऊन नीट बघा.